परवलीचा शब्द सांगायचा राहिला

तीर्थरूप ताईस,

तुझ्या भित्र्या भागूबाईचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरायचे थांबले असतील आणि भावोजींचा खोकला गेला असेल, अशी आशा. मी मजेत आहे. (पत्रात हे लिहावंच लागतं.)

तर बातमी अशी, की आमच्या मोठ्या बाईंनी मला शाळेचा बालसुरक्षाप्रमुख केलंय. हसू नकोस. पाल दिसली की वर्ग सोडून पळणारा चित्रकलेचा मास्तर आता शाळाभर पोरांना सांभाळणार! मी नाही म्हणणार होतो, पण नाही म्हणायचीही भीती वाटली. मग प्रशिक्षणाला गेलो आणि तिथून नव्याच भीत्या घेऊन परतलो. मूल काही सांगू लागलं तर मध्ये तोंड घालायचं नाही, आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तर मुळीच द्यायचं नाही.

काल सराव होता. शाळेत कुणी परका घुसला तर घंटा झाल्याबरोबर दार आतून लावायचं, दिवे घालवायचे, बाकांखाली गप्प बसायचं, आणि परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय प्रत्यक्ष मोठ्या बाई आल्या तरी दार उघडायचं नाही. नियम माझेच. शब्दही मीच ठरवला होता. फक्त तो मोठ्या बाईंना सांगायचा राहिला. बाकीच्या वर्गांनी त्यांचा आवाज ओळखून दारं उघडली. माझी तिसरीची पोरं मात्र 'आधी शब्द सांगा' म्हणून हटून बसली. बाई दार बडवू लागल्या. आणि ताई, ते बडवणं ऐकून मी टेबलाखाली आणखी आत सरकलो. सगळं लुटुपुटीचं आहे हे ठाऊक असूनही माझ्या श्वासाचा भाता चालला होता.

शेजारी वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी होती. (तिचं नाव तुलाही सांगणार नाही, तोही नियम आहे.) तिने बूट काढून हातात घेतले होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, तोंड उघडं ठेवून श्वास घ्या. मग बाहेर ऐकू जात नाही."

मी विचारलं, हे कुठे शिकलीस?

"घरी. बाबा दार बडवतात ना, तेव्हा आई आणि मी असंच बसतो." मग माझी बाही धरून म्हणाली, "कुणाला सांगणार नाही ना?"

मी म्हणालो, "सांगावं लागेल, बाळा. पण तुला मदत करतील अशांनाच." तिने बाही सोडली.

मी उठलो आणि दार उघडलं. मागून पोरं ओरडली, "सरांनी नियम मोडला!" मोठ्या बाई मला झाडायलाच उभ्या होत्या. त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच बालकल्याण खात्याला फोन लावला.

उद्या बालकल्याण खात्याच्या बाई येणार आहेत. मुलीचे वडीलही येतील. माणूस आडदांड आहे. माझी झोप उडाली आहे. भावोजींना नमस्कार.

तुझा,
भागूबाई

ता. क. वर 'मजेत आहे' लिहिलंय, ते खोडायचं राहिलं.

आणखी एक ता. क. श्वासाची ती युक्ती मला आधीच ठाऊक होती, ताई. लहानपणी आपल्या घरी अण्णा दार बडवायचे तेव्हा पलंगाखाली तूच शिकवली होतीस. आपल्याला कधी कुणी विचारलं नाही आणि आपण कुणाला सांगितलं नाही. हे पत्र शिपायाच्या हाती आजच पाठवतोय; उद्या गुडघ्यांची सबब न सांगता शाळेत ये. आत यायचं नाही, काही बोलायचं नाही, नुसतं बाहेरच्या बाकावर बसायचं. तू बाहेर आहेस एवढं कळलं की मी तोंड उघडेन, आणि या वेळी नुसता श्वास घ्यायला नाही.