मोठी बरणी निखिलची

नागपूर, मंगळवार, संध्याकाळ

शाळेत मी आणि कुसुम एकाच डब्यातून आंब्याचं लोणचं खायचो. एकदा वर्गात सिस्टरांनी शीतयुद्धाचा अर्थ सांगितला, "दोन देशांत वैर असतं, पण लढाई नसते." कुसुम माझ्या कानात पुटपुटली, "मग घाबरायचं काहून वं?" किती हसलो होतो.

आज सीमेवरून माझ्या निखिलचा फोन आला. "आई, कोणी गोळी झाडून नाही राहिलं. नुसते समोरासमोर बसून आहोत." समोरासमोर म्हणजे किती जवळ? विचारायचा धीर झाला नाही. घाबरायचं काहून, कुसुम? यासाठीच गं.

फोन ठेवून दोन बरण्या लोणचं घातलं. मीठ जास्तच पडलं असेल. मला काही झालं, तर लहान बरणी कुसुमला द्यावी. मोठी निखिलची. ती कुणीही पार्सल करू नये. तो येऊन नेईल.