ठराव क्रमांक सतरा

वारजे, पुणे
२६ ऑक्टोबर २०२०

ती. मंदाताईस,

दीनानाथचा सहा फुटांवरून साष्टांग नमस्कार. तुझा ताप गेला, वास येऊ लागला आणि चवही परत आली, हे वाचून आम्हा दोघांना फार बरं वाटलं. (चव आली की तू आधी आम्ही पाठवलेल्या चकल्यांना नावं ठेवशील, असं पूर्णिमाचं भाकीत होतं. तुझं पत्र वाचून ती विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेली.)

तू लिहितेस, चौदा दिवसांसाठी ठेवलेला पोपट आता परत पाठव, खडकीचं घर खायला उठतं. जरूर पाठवतो. कुत्रा तुझा आहे आणि दुसऱ्याचं ठेवून घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण कुत्र्याचं नाव पोपट ठेवणाऱ्या बाईला त्या चौदा दिवसांचे (झाले बेचाळीस) परिणाम कळलेच पाहिजेत. मी बागेत हाका मारतो आणि फिरायला आलेले लोक मास्क सांभाळत झाडांकडे बघतात.

तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत मी कुत्र्यांविरुद्ध पन्नास मिनिटं बोललो होतो. (तू तेव्हा आमच्याकडे राहायला आली होतीस आणि तिसाव्या मिनिटाला उठून गेलीस.) त्या भाषणाच्या जोरावर ठराव क्रमांक सतरा एकमताने मंजूर झाला: कुत्र्याने सामानाच्या लिफ्टनेच ये-जा करावी, आणि त्याच्या सोबतच्या माणसानेही. हे शेवटचे चार शब्द मूळ मसुद्यात नव्हते. गुन्ह्याला साथ देणाऱ्याला मोकळं सोडणं म्हणजे न्याय नव्हे, असं गरजून ते मी घालायला लावले. आता रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला मी कचऱ्याच्या डब्यांसोबत चार मजले उतरतो. पहिल्या दिवशी सवयीने मोठ्या लिफ्टचं बटण दाबलं, तर आमचा वॉचमन नागोराव अदबीने उठून म्हणाला, "सर, तिकडनं. ठराव सतरा." म्हटलं, "अहो, तो ठराव मीच लिहिलाय." तर म्हणतो, "म्हणून तर आठवण केली सर. बाकीचे विसरले असतील."

त्यात झेंडू. यंदा दसऱ्याला मंडईच्या गर्दीत पाऊल टाकायचं नाही, तोरणाची फुलं घरीच पिकवायची, म्हणून गॅलरीत बारा कुंड्या लावल्या होत्या. स्वावलंबनावर मी पूर्णिमाला जूनपासून ऐकवत होतो. पोपटने अष्टमीला अकरा कुंड्या उकरल्या आणि बाराव्या कुंडीत विश्रांतीला बसला. काल दाराला लागलं ते तोरण तीन फुलांचं. बाकी नुसती आंब्याची पानं. "स्वावलंबन खुलून दिसतंय हो," इति पूर्णिमा.

एवढं होऊनही (माझी न्यायबुद्धी बघ) ठराव सतरा रद्द करावा म्हणून मी काल संध्याकाळी, सीमोल्लंघनाचा मुहूर्त साधून, पार्किंगमध्ये सभा बोलवायला लावली. खडूच्या वर्तुळांत खुर्च्या, सगळ्यांची तोंडं झाकलेली. मार्चपासून एकही व्याख्यानमाला झालेली नाही, त्यामुळे सात महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. माणूस माणसाला घाबरतो अशा काळात जो न घाबरता जवळ येतो, त्याला तुम्ही कचऱ्याबरोबर वर पाठवता? असा मी सवाल टाकला. नागोरावने डोळे पुसले.

मग सेक्रेटरी तनया उठली. वय वर्षं एकतीस, आवाज मंजुळ. "काका, मागच्या वेळचं इतिवृत्त वाचू?" आणि तिने माझंच जुनं भाषण अथपासून इतिपर्यंत वाचलं. ताई, काय भाषण होतं ते! चौथ्या मुद्द्याला मीच मान डोलावली. टाळ्या थांबेनात. मतदान झालं: माझ्या बाजूने दोन, विरुद्ध एकोणीस. दोनांतला दुसरा हात नागोरावचा. तो सभासद नाही म्हणून बाद. पूर्णिमाने विरुद्ध मत दिलं. "ते भाषण जास्त चांगलं होतं," म्हणाली.

चाळीस वर्षांत व्यासपीठावर मला कोणी हरवलं नव्हतं. शेवटी हे काम मलाच करावं लागलं. तेव्हा तुझा कुत्रा घेऊन जा आणि माझी लिफ्ट, माझ्या कुंड्या आणि उरलीसुरली प्रतिष्ठा मला परत मिळू दे.

तुझा पराभूत भाऊ,
दीनानाथ

ता. क. न्यायला इतक्यात कुणाला पाठवू नकोस. रिकाम्या कुंड्यांत आज सकाळी शेवंती लावली आहे. ती उकरून झाल्याशिवाय त्याला करमायचं नाही.

आणखी एक ता. क. सभेनंतर सगळे तनयाचं कौतुक करायला गेले. पोपट माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसून राहिला. कालही मी पन्नास मिनिटंच बोललो. तो मधे उठून गेला नाही. (हा टोमणा नव्हे.)

शेवटचा ता. क. खरं लिहायचं ते राहूनच गेलं. तुझ्या शेजाऱ्यांची गाडी त्याला सोडून ज्या रस्त्याने गेली, तिकडे तोंड करून तो रोज संध्याकाळी फाटकाशी दहा मिनिटं बसतो. मीही उभा राहतो. त्याला परत पाठवणं मला जमायचं नाही, आणि तुझ्यावाचून ठेवणंही बरं नाही. म्हणून रविवारी मीच तुला आणायला येतो. चार कपडे नको, सगळेच घे. गॅलरीलगतची खोली पूर्णिमाने रिकामी केली आहे. "वन्सं आल्या की यांना तिसाव्या मिनिटाला थांबवणारं कोणीतरी घरात असेल," म्हणते. लिफ्टची काळजी नको. त्या दिवशी पोपटला नागोराव वर आणेल. ठराव मी पुन्हा नीट वाचला आहे. सोबत मी असल्यास मोठ्या लिफ्टने यायला तुला कोणतीही बंदी नाही.