रेघ आमच्या गल्लीवरून नको

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तोंड गोड कर! राजधानी प्रांतापासून वेगळी होणार, हे वाचलंच असशील. तिचा नकाशा माझ्याच टेबलावर झाला. हद्द कालव्यावरून जात होती. मी ती हळूच तुझ्या गल्लीपलीकडे सरकवली. आता तुझा बाइंडिंगचा कारखाना राजधानीत! पक्का रस्ता, दिवसभर पाणी. साहेबांनी न बघता सही केली. कुठे बोलू नकोस.

आणि राजधानी वेगळी कशाला, म्हणून भांडू नकोस. राजधानी साऱ्या देशाची. परवा प्रांताने रुसून पाणी तोडलं, तर इस्पितळात बादल्या मांडाव्या लागल्या. तिने एकाच प्रांताच्या मेहेरबानीवर का राहावं?

लोभ आहेच, तो दुप्पट कर.
तुझा धाकटा

९ जून

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

हातची खळ तशीच ठेवून लिहायला बसले आहे. नियम वाचलेस का रे? राजधानीत नेमलेला प्रशासक, निवडणूक नाही. मागे गटार तुंबलं तेव्हा आम्ही चौदा घरच्या बायका निवडून दिलेल्या सदस्याच्या दारात तीन दिवस ठाण मांडून बसलो. चौथ्या दिवशी माणसं आली, कारण त्याला पुन्हा आमच्याच दारी यायचं होतं. प्रशासकाला कुणाची भीती?

पाणी तोडलं ते वाईटच. संसद, कचेऱ्या खुशाल वेगळ्या करा. पण माणसं राहतात तिथे त्यांना विचाराल की नाही? तुझ्या मायेपायी माझं मत गेलं. रेघ मागे घे, नाहीतर मी हरकत घेणार.

राग आहे तितकीच माया आहे.
ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न.

रेघ मागे घ्यायची तर ती कुणी सरकवली हे सांगावं लागेल. नोकरी जाईल गं. दोन पोरं शाळेत आहेत. हरकतीची मुदत वीसला संपते, तोवर गप्प राहा. हात जोडतो.

रागावू नकोस.
धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हरकत आजच दिली. चौदा घरांच्या सह्या आहेत. तुझी पत्रं जाळली, तुझं नाव कुठेही नाही. पण तुझ्यासाठी गप्प बसणं मला जमलं नाही. पोरांना घेऊन इकडे आलास तर दोन खोल्या रिकाम्या आहेत.

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच,
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी हरकत वाचून साहेबांनी विचारलं, ही रेघ इकडे आली कशी. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनावर सगळे घसरले. मग मला बसवेना. उठून सांगितलं, मी सरकवली. त्याच दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला. रेघ मात्र पुन्हा कालव्यावर गेली. तुझं मत तुझ्याकडे राहिलं.

खोल्या राहू देत. माझं घर राजधानीच्या मधोमध आहे, माझंही मत गेलंय, हे ती रेघ काढताना मला एकदाही सुचलं नाही. काल पोरांना घेऊन आमच्या इमारतीचे चारही मजले फिरलो. आमच्या हरकतीवर एकवीस सह्या झाल्या. कचेरीत म्हणाले, मुदत संपली. मी कागद टेबलावर ठेवला आणि पोच मिळेपर्यंत उठलो नाही.

आता माझ्या बाजूने भांड.
तुझा ठोंब्या