शनिवारी समुद्र शांत

सोलमे बेट,
बुधवार, ६ नोव्हेंबर

चि. युरिम हिला,
आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं ठीक. थंडी पडल्यापासून तुझ्या सासूचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. खायच्या शेवाळाचा हंगाम सुरू झाला. जाळ्यांवर यंदा काळं, तुकतुकीत शेवाळ धरलंय. पहिली पानं वाळली की तुला गठ्ठा पाठवीन, नाहीतर तूच घेऊन जाशील. त्याबद्दल पुढे लिहितो.

सकाळचं हवामान अजून मीच वाचतो. मी या बेटावर दुसऱ्याच्या होडीवर गडी म्हणून आलो, तेव्हा आभाळाकडे बघून ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. आता सगळं फोनमध्ये दिसतं म्हणतात, पण भोंग्यातून माझं खाकरणं ऐकल्याशिवाय इथल्या म्हाताऱ्यांना उजाडल्यासारखं वाटत नाही. लाट किती, वारा कुठला, बोट सुटणार की नाही. आणि शेवटी मोक्पो शहराचं. तू तिकडे राहायला गेलीस तेव्हापासून तेही जोडतो. शेजारची कुम्रे आजी मला गाठून विचारते, "सरपंच, मोक्पोत पाऊस पडला तर आम्ही त्याची काय किमची घालायची?"
"तेवढ्यापुरते कानात बोळे घाल आजी," मी म्हणतो. कुणासाठी वाचतो ते तिलाही ठाऊक आहे.

लांबण लावतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझं पत्र मी तुझ्या सासूला वाचून दाखवलं. श्री. पांग शाळेची बस चालवतात, स्वभावानं शांत आहेत, शनिवारी त्यांना घेऊन यायचा विचार आहे, आणि आम्हाला जड जाणार असेल तर तू पुन्हा कधी बेटावर पाऊल ठेवणार नाहीस. ती दिवसभर मुळे चिरत बसली. एवढे मुळे कोण खाणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

काल सकाळी कचेरीत माझं हवामान वाचून झालं, तोच ही दारात हजर.
"अहो, शनिवारी मोठ्या लाटा आहेत म्हणून सांगा."
"का गं?"
"म्हणजे धक्क्यावर कुणी फिरकणार नाही. पोरगी त्या माणसाला घेऊन उतरायची, आणि हे सगळे डोळे फाडून बघत बसायचे!"
"बघेनात का. तुला काय वाटतं ते सांग."
"तिनं लग्न करावं असंच वाटतं. गि-तेला जाऊन पाच वर्षं झाली. पण तो माणूस आपल्या दारात उभा राहिला, की आपला पोरगा दवाखान्यातून आता काही येत नाही, हे मला मान्य करावं लागेल हो."

पाच वर्षांत तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं नव्हतं. माझ्याही नाही. या पत्रातही मी ते किती वेळ टाळत आलो, बघ.

मी डोळे पुसायला वळलो, तर माइकचा लाल दिवा चालूच. युरिम, चारही भोंग्यांतून सगळं गावभर गेलं होतं. माझे कान एवढे तिखट, पण बाहेर आपलेच आवाज घुमताहेत हे मला कळलं नाही. मी तिचं ऐकत होतो.

थोड्या वेळानं कुम्रे आजी धापा टाकत चढून आली. तुझ्या सासूला म्हणाली, "खोट्या लाटा कशाला गं? हवं तर आम्ही सगळे धक्क्यावर पाठ करून उभे राहू. माझा नवरा गेला तेव्हा मला एकतिसावं होतं. कुणी बसवाला आला असता ना, तर मी पोहत गेले असते!"

तुझी सासू रडता रडता हसली. मग रुमालाबिमालाचा विचार न करता बाहीलाच नाक पुसून मला विचारते, "तो तिखट खातो का हो?"

आज सकाळी मी वाचलं: "शनिवारी समुद्र शांत. लाट गुडघाभर. दुपारच्या बोटीनं आमच्याकडे युरिम आणि तिचे पाहुणे येताहेत. बघायचं असेल त्यांनी खुशाल बघावं, आणि सामानाला हात लावावा." खोटी लाट मला सांगता आली नसती. माझ्या शब्दावर लोक होड्या काढतात.

तुझी खासगी गोष्ट अशी भोंग्यावर गेली, याचा तुला राग येईल. रागाव, पण ये. गि-तेचं श्राद्ध आम्ही करू. तुझ्यावर आता त्याचं ओझं नाही. मन झालं तर दोघं जेवायला या, बस्स.

एकच राहिलं. आजवर मला बाबा म्हणत आलीस. आता त्यांच्यादेखत काय म्हणायचं, याचा विचार बोटीत करत बसू नकोस, नुसतं गरगरेल. धक्क्यावर जे तोंडाला येईल ते म्हण.

तू मारशील त्या हाकेला ओ देणारा,
कुक मान-बोक