कोटाखालचा फुगवटा

दि. ११ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला, उत्तराला उशीर केला. माझा खोकला गेला. आईनं विणलेला स्वेटर दोन बोटं आखूड झालाय, पण तिला सांगू नकोस, सगळा उसवून पुन्हा विणायला बसेल.

तू विचारलंस, सिनेमा कसा झालाय. कंपनीनं आम्हा सगळ्यांना परवा दुपारच्या खेळाला नेलं. हा नववा भाग, आणि नवव्यांदा तोच गुप्तहेर कोट घालून जग वाचवतो. तेच खलनायकाचं बेट, तीच चोरलेली फाईल. मारामारीतही त्याच्या केसांची बट हलत नाही, आणि शॉटागणिक ती तशीच दिसावी म्हणून रजिस्टर घेऊन बसणारी बाई मीच. मध्यंतरापर्यंतच मला वीट आला होता.

मध्यंतरानंतर हिरोच्या जागी भाऊजींनी मारलेली उडी आली.

तीच ठेवलीय कंपनीनं, ताई. गच्चीवरून मोटारीच्या टपावर, तिथून घसरून कठड्यावर पाठ आपटते ती. भाऊजींचा चेहरा पुसून हिरोचा चिकटवलाय, किंकाळी काढून संगीत घातलंय. पुढच्या शॉटमध्ये हिरो टाय सारखा करत म्हणतो, "लिफ्ट बंद होती." लोक खदाखदा हसले, शिट्ट्या वाजल्या. शेजारी बसलेला दिग्दर्शक म्हणाला, "काय खरा वाटतो ना शॉट?" आणि त्यानं टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली. सवयीनं दिली. मग बाहेर जाऊन साबणानं दोनदा हात धुतला, तरी किळस जाईना.

पण हे सांगायला मी लिहायला बसले नाही. तू लिहिलंयस की भाऊजींना तू रोज बोलतेस, वीस वर्षं उड्या मारणारा माणूस पाठीचं पॅड लावायला विसरतोच कसा म्हणून. कंपनीच्या कागदावरही तेच आहे, निष्काळजीपणा. आणि भाऊजी म्हणतात, विसरलो असेन.

ते विसरले नव्हते. ते पॅड मी काढायला लावलं.

सकाळी हिरोचा जवळून शॉट झाला होता, तेव्हा कोट पाठीवर सपाट होता. दुपारी भाऊजी तोच कोट घालून आले तर आतल्या पॅडमुळे पाठीला फुगवटा. दोन शॉट जुळले नाहीत तर बोलणी मला बसतात. पातळ पॅड आणायला गाडी पाठवावी लागली असती आणि ऊन उतरत चाललं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, जुळत नाहीये हो. एवढ्या एका उडीपुरतं काढता का?" ते म्हणाले, "तू म्हणतेस म्हणजे दिसतच असणार." आणि माझ्यासमोर पट्टे सोडले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याची त्यांनी खरडपट्टी काढली असती. मेव्हणीनं सांगितलं म्हणून ऐकलं.

दवाखान्यात तू डॉक्टरांशी बोलायला गेलीस तेव्हा भाऊजी मला म्हणाले, "ताईला काही सांगू नकोस. नवरा असा अंथरुणाला खिळलाय, वर बहीणही कशाला जायला हवी तिची?" मी मान हलवली. सात महिने तू त्यांना टोचत राहिलीस आणि मी तुला हवापाण्याच्या गोष्टी लिहीत राहिले. दिग्दर्शकाला नावं ठेवते खरी, पण त्यानं फक्त टाळी मागितली होती.

काल मी कंपनीला लेखी दिलं, रजिस्टरच्या पानासकट. मॅनेजरनं वाचून कपाळाला आठ्या घातल्या. "आता उकरून काय उपयोग? दहाव्या भागाची तयारी करा." त्या भागाला मी नाही म्हणून आले. लेखी दिल्याची नक्कल सोबत ठेवलीय.

हे पत्र भाऊजींच्या पलंगाजवळ बसून मोठ्यानं वाच. ते म्हणतील, तिला नीट आठवत नसेल. ऐकू नकोस, माझं कामच लक्षात ठेवण्याचं आहे. मला उत्तर नाही आलं तरी मी समजेन. पण त्यांची माफी माग, ताई, आणि ती आजच माग. माझी मी येऊन मागेन, दार उघडलंस तर.

अजूनही तुझी म्हणवून घेण्याइतकी निर्लज्ज,
धाकटी