डाव्या सीटमधली रुई

मी, भागीरथाबाई डोमाजी सिरसाट, वय अदमासे बासष्ट, धर्म बौद्ध, धंदा मोटारीच्या बैठका शिवणे, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, आज आपल्या घरच्या ओसरीत बसून हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. एक डोळा गेला, दुसरा सुईत दोरा ओवण्यापुरता आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक दाखवील असा माणूस एकच होता, माझा नवरा डोमाजी. तो दाखवून दाखवून थकला आणि चव्वेचाळीस साली वारला.

मला अक्षरे सहीपुरती येतात. म्हणून मजकूर माझा आणि हात केशवराव अर्जनवीस यांचा. त्यांना बजावले आहे की कायद्याचे शब्द तुमचे घाला, पण माझे गाळू नका.

कलम १. ठेसनामागचे दोन खणांचे घर व त्याला लागून असलेला टिनाचा कारखाना माझ्या पश्चात मुलगा सहदेव याचा. कारखाना म्हणजे एक छप्पर, दोन पाट व एक शिलाई मशीन, पण पाटीवर कारखाना लिहिले आहे, म्हणून इथेही तसेच लिहावे. तांब्यापितळेची भांडी सून तानुबाई हिची. ‘म्हातारी मेल्याबिगर हंडा हाती लागत नाही’ असे ती शेजारणीपाशी बोलली ते मी ऐकले आहे. लागला, बाई. आता घासत बैस.

कलम २. माझा जावई जानराव, राहणार भातकुली, यास काही नाही. त्याची बायको, म्हणजे माझी मुलगी पंचफुला, माझ्या घरी बाळंतपणात गेली. तो तेराव्या दिवशी आला, पाळण्यात डोकावला, ‘पोरगी हाय’ म्हणाला, जेवला आणि गेला. पुढल्या वैशाखात त्याने दुसरी केली. जेवण माझ्याकडून बक्षीस समजावे.

कलम ३. ती पोरगी म्हणजे इंदू. आज तिचे सतरावे सरत आले. मीच वाढवली. शिलाई मशीन, वाकड्या सुया, दाभणे, हातोडी, कातरी व चामडे ताणायचा चिमटा ही सर्व हत्यारे इंदूची. सहदेवाने त्यावर हक्क सांगू नये. त्याला पंचवीस वर्षांत सरळ टीप घालता आली नाही. इंदूला मॅट्रिकपर्यंत शिकवावे आणि त्याआधी कोणी स्थळ आणल्यास त्याला चहा द्यावा, पोरगी देऊ नये.

कलम ४. कारखान्यात उभी असलेली मोटार. हिच्याबद्दल लांबण लागेल. केशवराव म्हणाले, ‘बाई, मोटार कोणाला ते सांगा, म्हणजे झालं.’ मी म्हटले, तेवढ्याने झाले असते तर तुम्हाला कशाला बोलावले असते?

आमच्या लोकांच्या हातची गादी त्या काळी गावात कोणी घेत नसे. झोपायच्या गादीला विटाळ होता. टांग्याच्या आणि मोटारीच्या बैठकीला मात्र नव्हता. बसायला चालायचे, निजायला नाही. कोणी ठरवले देव जाणे, आणि देवही आम्ही छप्पन साली सोडले. डोमाजी जिनात रुईच्या गठाणी बांधायचा. तिथे ओळखी झाल्या आणि आम्ही टांग्यांच्या, मग उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या बैठका शिवू लागलो. तो गेल्यावर मी एकटीने शिवल्या.

एक्कावन सालच्या उन्हाळ्यात अकोल्याचे एक जिनवाले, भगवंतराव, यांनी मला बोलावले. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी दोन माणसांची विलायती मोटार घेतली होती. टप मागे पडायचा, तोंड लांब, पळायला घोड्यासारखी. आतून मात्र चामडे तडकलेले, उंदरांनी सीटमधले घोड्याचे केस ओढून घरटी केलेली, दाराचे अस्तर लोंबणारे. मालक म्हणाले, ‘भागीरथा, मुंबईवाला चामड्याचे जे मागते त्यात दुसरी मोटार येईन. तू थोडक्यात करून दे.’ मोटार विलायती आणि खिसा देशी.

मी केले. स्प्रिंगा भंगारातल्या बसच्या काढल्या आणि तारेने बांधल्या. वर गोणपाट, त्यावर काथ्या. जिथे नजर जाते तिथे तांबडे रेक्झिन, जिथे जात नाही तिथे त्याच रंगात बुडवलेले मांजरपाट. खाली पायाशी ताडपत्री. चामड्याची फक्त किनार फिरवली, तीही जुन्या पाठीतले धड तुकडे काढून. मांडी घालून पाहिले तरी कळू नये असे काम झाले. उजवी सीट भरली आणि काथ्या संपला. डावीसाठी आणखी आणायला हवा होता. मी नाही आणला. घरात रुई होती.

आता कोणती रुई ते लिहा.

पंचफुला त्याच साली, काम येण्याच्या सव्वा महिना आधी, माझ्या घरी बाळंत झाली. दुपारी पोर झाली, रडली, सगळे ठीक. मग पंचफुलाचे रक्त थांबेना. सुईण गंगूबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘भागीरथे, हे माया हातातलं काम नाही राहिलं. मोटार सांग अन् अमरावतीच्या दवाखान्यात ने.’ सहदेव दारात उभा होता. तो म्हणाला, ‘माय, ठेसनावर भाड्याची मोटार उभी हाय. आणू काय?’

मी म्हटले, ‘मोटारीत बसाले ते काय राणी हाय? आमच्या वेळी काय मोटारी लागत होत्या? सकाळच्या गाडीनं नेऊ.’

पंचफुलाने ऐकले. ती डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. हसली आणि म्हणाली, ‘माय वं, मी मोटारीत कधी बसलीच नाही.’

सकाळची गाडी वेळेवर आली. न्यायला कोणी उरले नव्हते.

आमच्यात रीत अशी की माणूस ज्या गादीवर जाते ती गादी त्याच्या मागोमाग मसणात जाते. ती घरात ठेवत नाहीत, दान देत नाहीत, तिची रुई पिंजत नाहीत. गादी नेण्याआधी मी आतल्या खोलीत बसले आणि शिवण उसवली. डागाची रुई खोळीत राहू दिली. खालची कोरी काढून घेतली आणि तिच्या जागी भुसा भरला. मसणात भुशाची गादी गेली. पाहणाऱ्यांना गादी दिसली. मी मनाशी म्हटले, चांगली रुई आहे, लांब धाग्याची, मातीत कशाला घालायची? तीच रुई मी पुन्हा पिंजून मोटारीच्या डाव्या सीटमध्ये भरली.

मोटारीच्या सीटला रुई कोणी घालत नाही. ती धक्क्यांनी बसते आणि तिचे गोळे होतात. हे मला ठाऊक होते. या रुईचे गोळे झाले नाहीत.

मोटार नेली त्याच आठवड्यात भगवंतरावांच्या मंडळी माणिकबाई सकाळी, ऊन यायच्या आत, डाव्या सीटवर बसल्या आणि तशाच उठल्या. मी उरलेली किनार ठोकायला गेले होते, म्हणून माझ्या समोरची गोष्ट. त्या म्हणाल्या, ‘इथं आत्ता कोनी बसून उठलं काय वं? गरम लागून राह्यलं.’ मी म्हटले, रेक्झिन नवे आहे, बाईसाहेब. त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत. दोन महिन्यांनी मालकांनी निरोप धाडला की सीट खचली. मी गेले. सीट खचली नव्हती. तिच्यात एक खळगी पडली होती. बसणाऱ्याची नव्हे, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्याची. मी ती हाताने थोपटून सारखी केली. डोळ्यादेखत पुन्हा पडली. मी मालकांना सांगितले, स्प्रिंगा हलक्या आहेत.

त्रेपन्न साली मोटारीचे इंजिन गेले. विलायतेहून भाग येईना आणि माणिकबाई तिला अंगणात उभी राहू देईनात. मालक मला म्हणाले, ‘घेऊन जा. तुयाच सीटवर तुयंच कोनी बसलं हाय.’ सहदेवाने बैल जोडून ती अकोल्याहून ओढत आणली. वाटेत लोक हसत होते की मोटारीला बैल लागले. मी मागून चालत होते. मला हसू आले नाही. जी मोटार मी ठेसनावरून आणू दिली नव्हती, ती आपल्या पायांनी माझ्या दारात आली होती.

इंदू तेव्हा दोन वर्षांची. अंगाने किरकिरी, कोणाच्या खांद्यावर झोपत नसे. टप लावलेल्या मोटारीत सावली होती म्हणून मी तिला डाव्या सीटवर टाकले. ती त्या खळगीत सरकली, डाव्या कुशीवर वळली आणि झोपली. त्या दिवसापासून तिथेच झोपली. शाळेत जाऊ लागल्यावर अभ्यास तिथेच. मी उजव्या बाजूला, चाकामागे बसून सुतळी वळत असते. डाव्या सीटवर मी आजवर बसलेली नाही. तिकडे पाहून बोलतही नाही. माझे बोलणे त्या दिवशी बोलून झाले.

मी नागपूरच्या दीक्षेला गेले होते. भूतपिशाच मी मानीत नाही. ही गोष्ट भुताची नाही, रुईची आहे. रुईला जसे दाबावे तशी ती राहते, एवढेच मी म्हणते. पण एकदा इंदू म्हणाली, ‘आजी, हितं बसलं का मले कोनी धरून ठेवल्यासारखं वाटते.’ मी म्हटले, ‘स्प्रिंगा असतील.’ आयुष्यात इतक्यांदा स्प्रिंगांवर ढकलले की मेल्यावर त्या मला टोचतील.

आता आजचे कारण. मागल्या बाजारच्या दिवशी सहदेवाने अमरावतीचा एक फोटोवाला आणला. त्याला ही मोटार पाहिजे, इंजिन नसले तरी चालते. तो दुकानापुढे उभी करणार आणि नव्या नवरानवरीला आत बसवून फोटो काढणार. नवरा चाकावर, नवरी डावीकडे. तो म्हणाला, ‘पोरी, जरा बसून दाखव.’ इंदू डोक्यावर पदर घेऊन बसली. तो म्हणाला, ‘वा! नवरी अशीच बसली पाहिजे.’

मी पाहिले. खळगी दिसेना. इतकी वर्षे पोर तिच्यात लहान पडायची, चहूकडून बोट-दोन बोटे जागा उरायची. त्या दिवशी बोटभरही उरली नाही. इंदू आता आईएवढी झाली.

मी तिला हाताला धरून उठवले. ती म्हणाली, ‘काऊन वं आजी?’ मी तेव्हा सांगितले नाही. हे मृत्युपत्र मी गेल्यावर, मला उचलण्याआधी, सर्वांसमोर वाचायचे आहे, तेव्हा तिला कळेल. इंदू, तुझ्या आईला मारले ते रक्ताने नाही. माझ्या काटकसरीने मारले. आणि तुला मी तिच्या मरणात झोपवले, कारण तू तिथे रडत नव्हतीस आणि मला ते सोयीचे होते.

म्हणून ठरवते ते असे. मोटार माझ्या पश्चात सहदेवाने खुशाल विकावी. त्याआधी डावी सीट इंदूने आपल्या हाताने उसवावी. शिवण मागल्या बाजूला, निळ्या दोऱ्याची आहे. बाकी सगळीकडे तांबडा आहे. आतली रुई पूर्ण काढावी. सीट नव्या काथ्याने, विकत आणून, भरावी. उरलेसुरले सामान वापरू नये. कोणाची पोर त्या जागी नवरी म्हणून बसेल, तिच्या अंगाखाली स्वच्छ भरण असावे.

कलम ५. सहदेवावर माझा सतरा वर्षे राग आहे तो मी परत घेते. लोकांना वाटते तो नीट काम करत नाही म्हणून मी त्याच्याशी धड बोलत नाही. खरे कारण हे की त्या दिवशी तो बरोबर होता. पोरा, त्यानंतर तू एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मला सोपे गेले असते.

कलम ६. पोस्टातले पुस्तक इंदूच्या नावे करावे, आणि ते एकाच कामाला राखून ठेवावे. तिचे दिवस भरतील तेव्हा, ती माहेरी असो की सासरी, पहिल्या कळेला दारात मोटार उभी पाहिजे. सुईणीने सांगेपर्यंत थांबू नये. भाडे विचारू नये. सकाळच्या गाडीचे नाव घरात कोणी काढू नये. मोटारीची गरज पडली नाही तर ड्रायव्हरला चहा पाजून, पुरे भाडे देऊन परत पाठवावे. ते पैसे वाया गेले असे जो म्हणेल त्याला माझ्या घराची पायरी बंद.

कलम ७. माझी गादी, ज्या गादीवर मी मरेन ती, खोळीसकट, रुईसकट माझ्याबरोबर जाळावी. रुई कितीही चांगली असो. आणि डाव्या सीटमधून निघेल ती रुई माझ्या डाव्या बाजूला ठेवावी. पंचफुलाची ती सतरा वर्षे राहिलेली आहे, ती पोचवणे माझ्याकडे आहे.

इंदू म्हणेल, आजी, आईची म्हणून मूठभर ठेवू दे. ती रडून म्हणेल. सहदेवा, तुझे मन मऊ आहे, तू हो म्हणशील. देऊ नकोस. मीही त्या दिवशी मूठभरच काढायला बसले होते.

वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला गेला. केशवरावांनी मला तो दोनदा वाचून दाखवला; सगळे शब्द जागेवर आहेत. याआधी मी कोणताही लेख केलेला नाही. खाली सही माझी स्वतःची आहे, वाकडी दिसली तरी.

सही : भागीरथाबाई डोमाजी सिरसाट

साक्षीदार :
१) गंगूबाई केरबाजी इंगोले, सुईण, राहणार मूर्तिजापूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. (कलम ४ मधील मोटारीबद्दलचे बोलणे माझ्या समक्ष झाले होते, ते खरे आहे.)
२) श्रावण जानूजी वानखडे, रेल्वेत पॉइंट्समन, राहणार मूर्तिजापूर. सही.

लिहिणार : केशवराव नारायण देशकर, अर्जनवीस

मुक्काम मूर्तिजापूर, दिनांक ११ मार्च १९६८, वार सोमवार