तिसरा भाग गादीत शिवला गेला त्याची हकीकत

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. हात मशीनच्या तेलाने बरबटलेत, म्हणून लांबूनच.

मी इथे मजेत आहे, म्हणजे जेवतो, झोपतो आणि शिव्या खातो. तुमचं पित्त कसं आहे? भाषणाच्या आदल्या दिवशीच उठतं की आता एरवीही उठायला लागलं? ताईचा गुडघा शेकून शेकून थकला असेल, त्यालाही माझा नमस्कार सांगा. आणि चिमी बोलायला लागली का? ताई फोनवर म्हणाली की तुम्ही पुस्तकं जप्त केल्यापासून पोरगी तुमच्याशी एक अक्षर बोललेली नाही. मीठ हवं असलं तरी आईला सांगते, आणि मग आईने ते तुम्हाला सांगायचं. (एकाच टेबलावर बसून! म्हणजे ताईला घरातल्या घरात टपालखातं चालवावं लागतंय.) पंधराव्या वर्षी पोरीत एवढा हट्ट आला कुठून, असं तुम्ही ताईला विचारलंत म्हणे. दाजी, हा प्रश्न दाढी करताना आरशात बघून विचारायचा होता. असो.

तर तुम्ही सोपवलेल्या कामाचा अहवाल देतो. मी निघालो तेव्हा तुम्ही चिमीची ती चार भागांची कादंबरी सुतळीने आवळून माझ्या पिशवीत कोंबलीत आणि म्हणालात, ‘लांब कुठेतरी टाकून दे. इथे रद्दीत घातली तर कार्टी उकरून आणेल. असल्या पोरकट भाकडकथांनी डोकी सडतात.’ (एकही पान न उघडता तुम्हाला आत काय आहे ते कळलं. एवढं शिकल्यावर माणसाला कव्हरावरूनच कळत असावं. मी आठवीत शाळा सोडली, मला उघडून बघावं लागतं.) आणि मोबदला म्हणून काचेच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवलीत, ‘मोठ्या माणसाने हे असं वाचावं’ असं म्हणून. दाजी, काम झालंय. चारांतला एक भाग अशा ठिकाणी गेलाय की चिमीच काय, पोलीस आले तरी उकरू शकणार नाहीत. उरलेल्या तिघांचं जरा लांबलंय. ते का लांबलं, ते सांगायला हे पत्र.

बसमध्ये मी आधी तुमचीच कादंबरी उघडली, देवाशपथ. त्यात एक प्राध्यापक खिडकीपाशी उभा आहे. पान उलटलं तरी उभा आहे. मधे त्याची बायको चहा ठेवून जाते. तो चहा निवतो, आणि त्या निवण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. मी बर्फाच्या कारखान्यात काम केलेला माणूस, पण एवढं गार काही बघितलं नव्हतं. शेवटी म्हटलं, पुढे जाऊन बघू याचं काय होतं, तर शेवटच्या पानावरही तो खिडकीपाशीच. फक्त चष्मा काढलाय. तेव्हा मी सुतळी सोडली. हेतू शुद्ध होता. विष कुठे टाकायचं ते ठरवायचं तर आधी ते कोणत्या जातीचं आहे हे बघायला नको?

तर त्यात एक गाव आहे. गावात अठरा वर्षं पूर्ण झाली की माणसाला ‘का’ विचारायला बंदी. वाढदिवसाला मनाई-अधिकारी घंटा घेऊन दारात येतो, घंटा वाजवतो, आणि तिथून पुढे तो माणूस सांगितलेलं करतो, जेवतो आणि झोपतो. (मी म्हटलं, यात भाकड काय आहे? आमच्या कारखान्याचा भोंगाच की हा!) त्या गावात नकाशे काढणारी एक पोरगी आहे, तिची अठरा भरत आलीत. आणि एक होडीवाला पोरगा आहे, त्याला आपलं वयच माहीत नाही, त्यामुळे अधिकाऱ्याला त्याच्या दारात कधी जायचं ते कळत नाही. दाजी, मी हसलो. एकटाच, बसमध्ये, मोठ्याने. शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. माझा थांबा कधी गेला कळलं नाही. कंडक्टरने डेपोत उठवलं तेव्हा म्हणाला, ‘झोपला होतात का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, होडीत होतो.’ त्याने मला फार सांभाळून खाली उतरवलं.

ताई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. खोटं नाही. बर्फ सोडला, बस धुण्याचं सोडलं, रंगकाम सोडलं, आता गाद्यांच्या कारखान्यात आहे आणि तेही सोडायच्या बेतात होतो. (दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय करायची आणि आपण फळीवर झोपायचं, हे फार दिवस सहन होत नाही.) तो मी एका जागी बसून वाचायला लागलो. बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत, पण बसून. अडचण एवढीच की चिमीच्या पुस्तकांवर गुलाबी-जांभळं आभाळ आहे आणि केस उडणारी मुलगी आहे. दाढीवाल्या माणसाने ते चारचौघांत धरायचं म्हणजे अवघडच. म्हणून मी तुमच्या कादंबरीचं कव्हर काढून त्याच्यावर चढवलं. काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून माझी इज्जत वाढली! हिशेबनीस, जो मला ‘ए काठवाला’ म्हणायचा (मी गादीचा काठ शिवतो म्हणून), तो थांबून म्हणाला, ‘वा, गंभीर वाचन चाललंय.’ आपणही हीच कादंबरी वाचली आहे आणि तिने आपल्याला आतून हलवलं, असंही म्हणाला. मी विचारलं, ‘कुठल्या जागी हलवलं?’ तर त्याला एकदम काम आठवलं. तुमच्या कपाटापुढे उभे राहून माना डोलावणारे पाहुणे मला तेव्हा आठवले. राग मानू नका, पण ती काच पुस्तकांना धूळ लागू नये म्हणून आहे की माणसं लागू नयेत म्हणून, हे मला कधी कळलं नाही.

माझं बिंग पैलवानाने फोडलं. पैलवान म्हणजे माझा खोलीतला सोबती, गाद्या उचलून गोदामात लावतो, दार त्याला आडवं होऊन ओलांडावं लागतं. त्याने खेचाखेचीत कव्हर उपसलं आणि सबंध खोलीला ऐकू जाईल असं ओरडला, ‘अरे, हा पोरींची पुस्तकं वाचतोय! बघा, बघा, केस बघा हिचे!’ मग दोन-तीन दिवस माझी यथेच्छ चेष्टा झाली. डब्यात वेणीचं रबर काय, उशीवर टिकली काय. फोम कापणारे काका, केस पिकलेला माणूस, तेसुद्धा म्हणाले, ‘दूध आणून देऊ का बाळाला?’ मी चिडून म्हटलं, एक पान ऐका आणि मग हसा. जेवणाच्या सुट्टीत त्यांना घंटेचं पान वाचून दाखवलं. अधिकारी नकाशेवालीच्या थोरल्या बहिणीच्या दारात येतो ते. सकाळी ती बहीण ‘पाऊस उलटा का पडत नाही’ विचारत असते, आणि संध्याकाळी नुसती ताटं पुसते. वाचून झालं तेव्हा कुणी जेवत नव्हतं. पैलवान म्हणाला, ‘फोमची धूळ गेली डोळ्यात.’ त्या दिवशी फोम कापलाच नव्हता.

मग रोजचंच झालं. मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं, आणि वर मोठेपणाही सोडायचा नाही! काका रोज म्हणायचे, ‘छे, पोरखेळ आहे सगळा,’ आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. सुट्टी पुरेना म्हणून मी मशीनवरच पुस्तक उघडं ठेवायला लागलो. फोरमनला ते दिसलं. तो म्हणाला, ‘पुन्हा इथे पुस्तक दिसलं तर पुस्तक भट्टीत आणि तू रस्त्यावर.’ फोरमन असा की त्याच्यासमोर स्प्रिंगासुद्धा दबून बसतात.

आता गादी कशी होते ते सांगतो, म्हणजे माझा अपराध कळेल. खाली स्प्रिंगांची चौकट, तिच्यावर नमदा (दाबलेल्या तंतूंचा जाड थर), त्याच्यावर फोम, वरून कापड, आणि मग मी मशीन चौफेर फिरवून काठ शिवतो. एकदा शिवला की गादी बंद. त्या दिवशी तिसरा भाग संपत आला होता. भर वादळात होडी उलटते, नकाशेवाली काठावर फेकली जाते, होडीवाला दिसत नाही. ती हाका मारते, आणि धुक्यातून एक हात वर येतो. इतक्यात फोरमन. मी पुस्तक समोरच्या गादीत फोमखाली सरकवलं, तो गेला की काढू म्हणून. तो गेलाच नाही. हात मागे बांधून माझ्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, ‘चालू दे.’ दाजी, मी माझ्या या दोन हातांनी होडीवाल्याला आत शिवला. एक टाका वाकडा नाही. फोरमन म्हणाला, ‘असं काम पाहिजे,’ आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. मी रडकुंडीला आलोय हे बघून त्याला वाटलं कौतुकाने भरून आलंय.

पैलवानाने ती गादी नेऊन सारख्याच दिसणाऱ्या गाद्यांच्या थप्पीत लावून टाकली होती. सुट्टी झाल्याबरोबर आम्ही तिघे गोदामात घुसलो. पैलवान एकेका गादीवर पडून लोळायला लागला. काका दुसऱ्या बाजूने कूस बदलून बदलून बघत होते कुठे टोचतंय का, आणि मी सगळ्या गाद्यांना गुद्दे मारत होतो. तेवढ्यात दारात फोरमन! ‘काय धिंगाणा आहे हा?’ आता नोकरी गेली हे धरून मी सगळं सांगितलं. त्याने आधी मागे वळून बाहेर कुणी आहे का ते बघितलं. मग दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, ‘हात वर आला, तो होडीवाल्याचाच ना?’ मेला रोज थप्पीमागे उभा राहून ऐकत होता! मग तोही लोळला. पण त्या दिवशीचा ट्रक आधीच गेला होता, आणि आमची गादीही त्याच्याबरोबर. आता कुठल्या तरी घरात कुणा भल्या माणसाच्या बरगडीला वादळ टोचत असेल, आणि तो बिचारा बायकोला म्हणत असेल, वय झालं गं.

पुढचं आणखी वाईट आहे. चौथा भाग माझ्या पेटीत आहे, पण तो उघडायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलंय. तिसरा अर्धवट टाकून चौथा वाचणं म्हणजे बेइमानी. काकांनी तरी चोरून पहिली ओळ बघितली. त्यात नकाशेवालीच्या हातात होडीवाल्याची नुसती टोपी आहे. तेव्हापासून कारखान्यात सुतक आहे. पैलवान म्हणतो टोपी वाहून आली असेल, पोरगा जिवंत आहे. फोरमन म्हणतो टोपी आली म्हणजे डोकं गेलं. परवा दोघांची हातघाई झाली. घरी बायकामुलं असलेली, मिशावाली माणसं! तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, डोकी सडलीत. असतील. पण मी इथे आल्यापासून या लोकांनी आपसांत ‘सरक’ आणि ‘उचल’ याशिवाय काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तो खिडकीतला प्राध्यापक वाचून त्यांची मारामारी झाली नसती, एवढं नक्की. अठरा झाली, ती घंटा वाजली, म्हणून माणसाने वादळ सोडून निवलेला चहाच वाचावा, हे कुणी ठरवलं? आणि का?

तुमच्यासारख्या जाणत्याला मी काय सांगणार. लहान तोंडी फार बोललो असेन तर मशीनच्या आवाजाला दोष द्या, इथे सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागते. ताईला गुडघ्यावर बसू देऊ नका. चिमीला आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक (तीन भाग सोडून)
मेव्हणा

ता. क. खरं काम राहिलंच. कारखान्यात सगळे आपल्याच मुलखातून आलेले आहेत, पण बाहेर इथल्या दुकानात आपल्या भाषेतलं पुस्तक मागितलं की माणूस आधी भाषेचंच नाव विचारतो. ताईने तिथे चौकशी केली, तर सगळी आवृत्ती संपलीय. तेव्हा तिसरा भाग आता फक्त चिमीच्या डोक्यात आहे. तिने वादळापासून पुढचं सांगावं आणि तुम्ही ते लिहून काढून मला पाठवावं. ताईला लिहायला बसवू नका, तिच्याकडे टपालाचं काम आहे. शिवाय अक्षर तुमचं मोत्यासारखं आहे, हे तुम्हीच आम्हाला नेहमी सांगता. फक्त सारांश काढू नका, मारामाऱ्या गाळू नका आणि मधे स्वतःचं मत घालू नका.

आणखी एक ता. क. ती तुमच्याशी बोलत नाही हे मला माहीत आहे. ‘अभ्यास झाला का’ने सुरुवात करू नका. माफी मागायला जाऊ नका, तुम्हाला जमणार नाही आणि तिला हसू येईल. नुसते समोर बसा आणि विचारा, ‘होडीवाला बुडाला का गं?’ ती आधी भिंतीकडे बघेल. मग म्हणेल, ‘तुम्हाला का हवंय?’ तेव्हा माझं नाव सांगू नका. म्हणा, ‘मलाच कळायला हवंय.’ सुरुवातीला ते खोटं असेल, पण दोन पानं लिहून होईपर्यंतच.

शेवटचा ता. क. फोरमन माझ्या खांद्यावरून वाचतोय आणि म्हणतोय, हेही लिही. होडीवाला खरंच बुडाला असेल तर दाजी, तुम्ही एवढे विद्वान, त्याला वाचवा. चौथ्या भागाचं आम्ही इकडे बघून घेऊ. पण एकट्याने वाचवू नका, चिमीला विचारून वाचवा.